शालेय उपस्थिती, अमेरिकेतील

शाळेच्या पटावर नाव असलेल्या विद्यार्थ्याने शाळेच्या कामाच्या दिवशी प्रत्यक्ष हजर असणे म्हणजे शालेय उपस्थिती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हजेरीपटाला तीन कार्ये क्रमाक्रमाने प्राप्त झाली. प्रथम तो पालकांवरील कायदेशीर बंधनाचा पुरावा होता. पुढे तो शासकीय अनुदानाचे माप बनला. आणि अलीकडे विद्यार्थ्याच्या शैक्षणिक यशाचे पूर्वचिन्ह म्हणून त्याकडे पाहिले जाते. या तीन कार्यांत नेहमीच मेळ बसतो असे नाही.

उपस्थितीची सक्ती : मॅसॅचूसेट्स वसाहतीच्या १६४२ च्या कायद्याने मुलांना वाचावयास शिकविण्याची जबाबदारी आईवडील व मालक यांच्यावर टाकली होती आणि १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या गावाने शिक्षक नेमावा असे ठरविले होते, मात्र शाळेत जाण्याची सक्ती या दोन्ही कायद्यांत नव्हती. ती मॅसॅचूसेट्स राज्याने १८५२ मध्ये केली. ८ ते १४ वर्षे वयाच्या मुलांनी वर्षातून किमान १२ आठवडे शाळेत जावे व त्यांपैकी ६ आठवडे सलग असावेत, असा तो नियम होता. तो मोडणाऱ्या पालकास २० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद होती. १९१८ मध्ये मिसिसिपीने असा कायदा केल्यावर तत्कालीन सर्व ४८ राज्यांत उपस्थिती सक्तीची झाली. शेती व कारखाने यांतील बालमजुरी हा अंमलबजावणीतील मोठा अडसर होता. १८६९–७० मध्ये शाळा वर्षातून सरासरी सु. १३२ दिवस भरत आणि पटावरील विद्यार्थी त्यांपैकी सरासरी सु. ७८ दिवसच हजर असे. १९१९–२० पर्यंत हे आकडे अनुक्रमे सु. १६२ व १२१ झाले. १९३८ च्या संघीय श्रमकायद्याने बालमजुरीवर निर्बंध आल्यावर सक्तीला बळ मिळाले. सक्तीच्या मर्यादा न्यायालयांनी आखून दिल्या : सार्वजनिक शाळेऐवजी खाजगी शाळेत मुलांना पाठविण्याचा पालकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये मान्य केला, तर १९७२ मध्ये आमिश पंथीयांना आठव्या इयत्तेनंतरच्या सक्तीतून सूट दिली.

उपस्थिती व अनुदान : सार्वजनिक शाळांचा कारभार स्थानिक शालेय जिल्ह्यांकडे असतो. त्यांची संख्या १९३०–४० या दशकाच्या आरंभी सु. १,२७,००० होती, एकत्रीकरणामुळे ती पुढे सु. १३,००० वर आली. स्थानिक मालमत्ताकर व राज्याचे अनुदान ही त्यांच्या उत्पन्नाची प्रमुख साधने होत. आरंभी अनेक राज्ये शाळायोग्य वयाच्या मुलांच्या शिरगणतीवरून निधी वाटीत. मूल शाळेत येते की नाही, हा प्रश्न त्यात नव्हता. दक्षिणेत या पद्धतीचा उघड दुरुपयोग झाला. ॲलाबामात १८९१ च्या कायद्याने निधीची विभागणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोपविली. परिणामी कृष्णवर्णीय मुलांच्या संख्येवर मिळालेला पैसा गोऱ्या मुलांच्या शाळांवर खर्च होऊ लागला. प्रत्यक्ष हजेरी मोजून अनुदान देण्याची पद्धत अधिक न्याय्य वाटण्यास असा अनुभव पोषक होता. टेक्सासने १९४९ मध्ये शिरगणती सोडून सरासरी दैनिक उपस्थिती हा आधार स्वीकारला. कॅलिफोर्नियातही अनुदान याच मापावर अवलंबून असते.

या मापाने शाळांना मुले वर्गात आणण्याची प्रेरणा मिळते, हे खरे. परंतु तीस मुलांच्या वर्गातील तीन मुले गैरहजर राहिली, तरी शिक्षकाचे वेतन व इमारतीचा खर्च कमी होत नाही. दारिद्र्य, आजार, अस्थिर निवारा व वाहतुकीच्या अडचणी जेथे अधिक, तेथे गैरहजेरीही अधिक. त्यामुळे ज्या जिल्ह्यांची गरज मोठी, त्यांचाच निधी घटतो. या कारणाने इलिनॉयने २०१७ मध्ये व मिसिसिपीने २०२४ मध्ये पटसंख्येवर आधारलेली सूत्रे स्वीकारली. कॅलिफोर्नियाने उपस्थितीचे माप कायम ठेवले, पण २०२२ पासून जिल्ह्यांना मागील तीन वर्षांची सरासरी वापरण्याचीही मुभा दिली.

उपस्थिती व शैक्षणिक यश : सरासरीत व्यक्ती झाकली जाते, ही या मापाची दुसरी उणीव होय. शंभर विद्यार्थ्यांच्या शाळेत १८० दिवसांच्या वर्षात ९५% सरासरी उपस्थिती असली, तर एकूण ९०० विद्यार्थी-दिवस बुडालेले असतात. चाळीस मुलांनी प्रत्येकी १८ आणि उरलेल्या साठांनी प्रत्येकी ३ दिवस बुडविले, तरी सरासरी तीच राहते. वर्षातील १०% किंवा अधिक दिवस गैरहजर राहणे, मग कारण सबळ असो वा नसो, यास दीर्घकालिक अनुपस्थिती म्हणतात. या उदाहरणात चाळीस मुले त्या वर्गात मोडतात. ९५% या आकड्यावरून मात्र त्यांचा सुगावाही लागत नाही.

शिकागोतील शाळांविषयी इलेन ॲलेन्सवर्थ व जॉन ईस्टन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नवव्या इयत्तेत विद्यार्थी नापास होईल की नाही, याचा अंदाज आठव्या इयत्तेच्या चाचणीगुणांपेक्षा उपस्थितीवरून अधिक चांगला येतो. मॅसॅचूसेट्समधील माहितीवरून जोशुआ गुडमन यांनी २०१४ मध्ये दाखविले, की हिमवर्षावामुळे संपूर्ण शाळा बंद राहिल्यास गुणांवर फारसा परिणाम होत नाही. एकेकट्या मुलाच्या गैरहजेरीने मात्र, विशेषतः गणितात, गुण घटतात. सर्वांचा बुडालेला पाठ शिक्षक पुन्हा घेऊ शकतो. मागे पडलेल्या एकट्यासाठी वर्ग थांबविणे कठीण असते, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. तथापि आजार व दारिद्र्य यांचा अध्ययनावर स्वतंत्र परिणामही होतो. त्यामुळे अपयशाचे सर्व कारण गैरहजेरीत शोधणे योग्य नाही.

२०१५ च्या ‘एव्हरी स्टूडंट सक्सीड्स ॲक्ट’ या संघीय कायद्यानुसार चाचणीगुणांखेरीज शालेय गुणवत्तेचा आणखी एक निर्देशक ठरविणे राज्यांना आवश्यक झाले. बहुसंख्य राज्यांनी त्यासाठी दीर्घकालिक अनुपस्थितीची निवड केली. कोव्हिड-१९ च्या साथीपूर्वी, २०१८–१९ मध्ये, असे विद्यार्थी सु. १५% होते; २०२१–२२ मध्ये ते प्रमाण सु. २८% वर गेले व नंतर हळूहळू उतरू लागले. कायद्याचा धाक व अनुदानाची कपात यांपेक्षा घरभेटी, आरोग्यसेवा व वाहतुकीची सोय या उपायांकडे अनेक जिल्हे वळले आहेत. या उपायांत हजेरीपटावरील अनुपस्थितीची खूण दोषाचा पुरावा न मानता साहाय्याची गरज दाखविणारी सूचना म्हणून वाचली जाते.