धूळ, पाइप आणि एक ‘टेम्पररी’ ऑर्गन

ऑर्गन म्हटलं की आपल्याकडे आधी संगीत नाटकातली पायपेटी आठवते. पाय मारायचा, हवा भरायची, आत पितळी रीड थरथरते. आजचा ऑर्गन मात्र चर्चमधला, हजारो पाइपवाला. गोष्ट न्यूयॉर्कची आहे.

वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी ट्रिनिटी चर्च आहे. आताची इमारत 1846 ची. अलेक्झांडर हॅमिल्टनची कबर याच आवारात आहे. 11 सप्टेंबर 2001 ला जवळचेच ट्विन टॉवर्स कोसळले आणि त्या धुळीने चर्चचा जुना पाइप ऑर्गन खराब झाला. पाइप ऑर्गन म्हणजे एक प्रकारे हवेचं मशीनच. प्रत्येक पाइपच्या तोंडाला बारीक फट, खाली चामड्याचे आणि लाकडाचे नाजूक भाग. तिथे सिमेंटची भुकटी शिरली तर नुसतं फडकं मारून भागत नाही.

मग 2003 मध्ये तिथे डिजिटल ऑर्गन बसला. मार्शल अँड ओगलट्री या कंपनीचा हा पहिलाच ऑर्गन. खऱ्या पाइपांचे सूर रेकॉर्ड करायचे, कंप्युटरमध्ये ठेवायचे, की दाबली की स्पीकरमधून वाजवायचे. ठरलं होतं, हा तात्पुरता. कोड लिहिणाऱ्यांना माहीत आहे, ‘टेम्पररी फिक्स’चं पुढे काय होतं ते! हाही दहा वर्षांहून जास्त वाजला.

नक्कल की अस्सल, हे भांडण त्याहून जुनं आहे. 1935 मध्ये लॉरेन्स हॅमंड नावाच्या, घड्याळं बनवणाऱ्या माणसाने विजेवरचा ऑर्गन बाजारात आणला. आत फिरणाऱ्या 91 दातेरी चकत्या, शेजारी लोहचुंबक. पाइप एकही नाही. पाइपवाले चिडले. प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेलं. 1937 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या चॅपलमध्ये चक्क परीक्षा घेतली: दोन्ही वाजवतो, ओळखा कुठला कुठला. जाणकारांचेही अंदाज चुकले! शेवटी कमिशनने हॅमंडला काही जाहिरातबाज दावे बंद करायला लावले, पण ‘ऑर्गन’ हा शब्द त्याच्याकडेच राहिला. 1971 मध्ये ॲलन कंपनीने डिजिटल ऑर्गन आणला आणि वाद पुन्हा पेटला.

आता माझ्यासारख्याला आवडणारा भाग. काही चर्चमध्ये दोन्ही एकत्र बसवतात: थोडे खरे पाइप आणि बाकी डिजिटल. कारण साधं, जागा आणि पैसा. सगळ्यात खालच्या सुरासाठी सोळा फुटी, कधी बत्तीस फुटी पाइप लागतो. तो उभा करायचा कुठे? ते काम स्पीकरला दिलं की जागा वाचते. पण गोची अशी की पाइपचा सूर हवेच्या तापमानावर चालतो. हवा गरम झाली की आवाजाचा वेग वाढतो आणि सूर चढतो. दहा अंश सेल्सियसचा फरक पडला तर सूर जवळपास तीस सेंट सरकतो, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा. कंप्युटर मात्र जिथल्या तिथे. दोघं एकत्र वाजले की कान किटतात. मग डिजिटल बाजूलाच पाइपांच्या मागे जावं लागतं. तापमान मोजून आपला सूर हलवावा लागतो. इथे खरा मालक कोण, ते कळतं.

ट्रिनिटीने शेवटी काय केलं? नवा पाइप ऑर्गनच बांधून घ्यायचं ठरवलं. काम दिलं जर्मनीच्या ग्लाटर-ग्योट्स कंपनीला, लॉस एंजेलिसच्या डिस्ने हॉलचा 6,134 पाइपांचा ऑर्गन बांधणाऱ्यांना.

मग डिजिटल हरला का? मला नाही वाटत. घाव बसलेल्या त्या चर्चमध्ये इतकी वर्षं दर रविवारी सूर वाजत राहिले ते त्याच्यामुळेच. पाइपमधली हवा तुमच्या छातीत जाणवते, हे खरं. पण पाइप गप्प असताना लोकांना गायला सूर लागतोच.

तुम्ही डोळे मिटून ओळखाल का, पाइप कुठला आणि स्पीकर कुठला? हेडफोनवर नको हं, प्रत्यक्ष जाऊन ऐका आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!