एपिसोड: उपाशी शहराची सिंफनी

(एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलताना झालेले "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" जमेल तेवढे कापलेत.)



९ ऑगस्ट १९४२. ही तारीख ऐकली की आपल्याला काय आठवतं? क्रांती दिन. पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली, आणि मग गवालिया टँक मैदानावर अरुणा असफ अलींनी तिरंगा फडकवला. शाळेत पाठ केलंय सगळ्यांनी.

आजचा एपिसोड त्याच तारखेचा आहे, पण मुंबईपासून पाच हजारांहून जास्त किलोमीटर लांबचा. त्या संध्याकाळी रशियातल्या लेनिनग्राड शहरात, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, एक मैफल झाली. शहराला जर्मन सैन्याचा वेढा, वाजवणारे अर्धपोटी, ऐकणारे अर्धपोटी. आणि वाजवायचं काय, तर सव्वा तास चालणारी, शंभरेक वादक लागणारी सिंफनी. दिमित्री शोस्ताकोविचची सातवी सिंफनी, जिला जग "लेनिनग्राड सिंफनी" म्हणतं.

आधीच कबूल करतो, मी संगीतातला जाणकार नाही. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यासाठी वेस्टर्न क्लासिकल म्हणजे ऑफिसात हेडफोन लावून काम करतानाची प्लेलिस्ट. ही सिंफनी पण मी तशीच लावली होती. सातव्या-आठव्या मिनिटाला कोड लिहायचं थांबलं. ते का, ते पुढे सांगतो. आधी शहर बघू.

जर्मनीने २२ जून १९४१ ला सोव्हिएत रशियावर हल्ला केला. ८ सप्टेंबरला लेनिनग्राडचे जमिनीवरचे सगळे रस्ते तुटले. हा वेढा पूर्ण उठला तो २७ जानेवारी १९४४ ला. ८७२ दिवस! हिटलरला शहर जिंकून तिथल्या लोकांना पोसायचं नव्हतंच. त्याला शहर उपाशी मारायचं होतं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४१ मध्ये साध्या नागरिकाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा, तोही भेसळीचा. वीज नाही, पाण्याचे नळ गोठलेले, आणि थंडी रशियातली. वेढ्यात किती नागरिक गेले यावर आजही वाद आहे, पण बरेच इतिहासकार आठ ते दहा लाखांच्या आसपासचा आकडा सांगतात. त्यातले बहुतेक भुकेने गेले.

या शहरातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. घरोघरी आणि रस्त्यांवर रेडिओचे भोंगे होते. कार्यक्रम नसेल तेव्हा रेडिओ बंद पडू द्यायचे नाहीत, मेट्रोनोम लावून ठेवायचे. तेच, ताल धरायला वापरतात ते टिक-टिक करणारं यंत्र. टिक-टिक संथ असेल तर धोका नाही. जलद झाली तर बॉम्बहल्ला, पळा. आमच्याकडे सर्व्हर जिवंत आहे का हे कळावं म्हणून तो ठरावीक वेळाने एक सिग्नल पाठवतो, त्याला आम्ही हार्टबीट म्हणतो. लेनिनग्राडमध्ये अख्ख्या शहराचा हार्टबीट रेडिओवर वाजत होता.

आता शोस्ताकोविच. जन्म १९०६, याच शहरातला. युद्ध सुरू झालं तेव्हा पस्तिशीला आलेला, जगभर नाव झालेला माणूस. सैन्यात जायला निघाला, पण डोळे अधू म्हणून घेतलं नाही. मग संगीत विद्यालयाच्या अग्निशमन पथकात गेला. अग्निशामकाचं हेल्मेट घातलेलं त्याचं चित्र पुढे अमेरिकेच्या टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं. वेढा पडत असतानाच तो ही सिंफनी लिहीत होता. १७ सप्टेंबरला त्याने रेडिओवरून शहराला सांगितलं, की नव्या रचनेचे दोन भाग लिहून झालेत. म्हणजे काय, तर आपलं रोजचं जगणं चालू आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरकारने त्याला कुटुंबासह विमानाने बाहेर काढलं. तीन भाग लेनिनग्राडमध्येच झाले होते. चौथा त्याने व्होल्गाकाठच्या कुइबिशेव शहरात डिसेंबरच्या शेवटी पुरा केला. ५ मार्च १९४२ ला तिथेच पहिला प्रयोग झाला.

यानंतरचा प्रवास सिनेमासारखा आहे. स्वरलिपीची पानं मायक्रोफिल्मवर घेतली. ती फिल्म विमानाने तेहरान, मोटारीने कैरो आणि तिथून पुढे पश्चिमेला गेली. २२ जूनला, म्हणजे हल्ल्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, ती लंडनहून प्रसारित झाली. १९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये तोस्कानिनीने ती रेडिओवर सादर केली. अमेरिकेतल्या लोकांना रशिया एकदम आपला वाटायला लागला. दोस्त राष्ट्रांसाठी ही सिंफनी म्हणजे मैत्रीचा बिल्लाच झाली.

पण ज्या शहरासाठी ती लिहिली, तिथे ती अजून वाजलीच नव्हती.

लेनिनग्राडची मुख्य फिलहार्मोनिक युद्धाच्या सुरुवातीलाच सायबेरियात हलवली होती. मागे उरला होता रेडिओचा ऑर्केस्ट्रा आणि त्याचा कंडक्टर कार्ल एलियासबर्ग. (कंडक्टर म्हणजे बसमधला नव्हे. छडी घेऊन सगळ्या वाद्यवृंदाला चालवणारा.) त्या हिवाळ्यात वादकांतले बरेच जण मेले, बाकीचे अंथरुणावर. मार्च १९४२ च्या शेवटी तालीम सुरू करायची ठरली तेव्हा जेमतेम १५ जण वाजवू शकत होते. पहिली तालीम काही मिनिटांतच थांबवावी लागली. तुतारीसारखी वाद्यं फुंकायला फुप्फुसात जोर लागतो, तो आणायचा कुठून? क्सेनिया मातुस नावाची एक वादक होती, ओबो वाजवायची. सनईच्या जातीचं वाद्य आहे ते. तिचं वाद्य खराब झालं होतं. दुरुस्त करणाऱ्याला विचारलं, पैसे किती? तो म्हणाला, पैसे नकोत, एखादं मांजर आण. खायला!

मग रेडिओवरून आवाहन झालं, शहरातल्या वादकांनी यावं. आघाडीवरच्या लष्करी बँडमधले सैनिक धाडण्यात आले. वादकांना थोडं जास्तीचं राशन मिळू लागलं. सिंफनीची स्वरलिपी वेढा ओलांडून लष्करी विमानाने आली. हाताने नकला काढल्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण अशी तालीम मैफलीआधी एकदाच जमली.

९ ऑगस्टला फिलहार्मोनियाच्या मोठ्या सभागृहात लोक जमले. जपून ठेवलेले चांगले कपडे घालून आले होते. ते कपडे अंगावर लोंबत होते, कारण अंगं उरली नव्हती. त्याच वेळी शहराच्या आघाडीचे सेनापती गोवोरोव यांच्या तोफखान्याने जर्मन तोफांवर मारा केला, म्हणजे मैफल चालू असताना त्या गप्प राहतील. ही खास ठरवून केलेली लष्करी कारवाई होती. सिंफनी रेडिओवरून साऱ्या शहरात आणि भोंग्यांवरून समोरच्या जर्मन सैनिकांपर्यंत पोचवली. युद्धानंतर काही जर्मन एलियासबर्गला भेटले आणि म्हणाले, ते ऐकलं तेव्हाच कळलं की हे शहर आपल्याला घेता येणार नाही, अशी एक गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण गोष्ट टिकली खरी.

आता माझं कोड का थांबलं, ते. पहिल्या भागात सहा-सात मिनिटं शांत, भरघोस संगीत चालू असतं. मग अगदी बारीक आवाजात एक स्नेअर ड्रम सुरू होतो. आपल्या ताशाच्या कुळातला. त्याच्यावर एक साधी, जवळजवळ बावळट धून येते. घाबरण्यासारखं काहीच नाही तिच्यात, गुणगुणता येईल अशी. मग तीच धून पुन्हा. पुन्हा. एकूण बारा वेळा. धून फारशी बदलत नाही, फक्त वाद्यं वाढतात आणि आवाज चढतो. ड्रम थांबत नाही. एकच फंक्शन लूपमध्ये अडकलंय आणि दर फेरीला जास्त मेमरी खातंय, तसं. ढोल-ताशा पथकाजवळ उभं राहिलात तर आवाज छातीत घुमतो ना? तसंच होतं, पण इथे आनंद नसतो. मघाची गमतीदार धून आता तुमच्या अंगावर चालून येत असते, आणि ती नेमकी कधी भयानक झाली ते तुम्हाला सांगता येत नाही.

त्या काळी सगळ्यांनी याचा एकच अर्थ लावला: नाझींची चाल. त्या धुनेत लेहारच्या "मेरी विडो" या ऑपेरेटाची झलक आहे, आणि ती हिटलरची आवडती होती. म्हणजे अर्थ पक्काच झाला की!

पण इथे खरा प्रश्न सुरू होतो. शोस्ताकोविचने फक्त हिटलर पाहिला होता का? १९३६ मध्ये स्टालिन त्याचा ऑपेरा बघायला गेला, आणि दोन दिवसांनी पक्षाचं वर्तमानपत्र असलेल्या प्रावदाने त्या ऑपेऱ्याचे वाभाडे काढले. पुढच्याच वर्षी त्याचा आश्रयदाता मार्शल तुखाचेव्स्कीला गोळ्या घातल्या. लेनिनग्राडमधून रात्री माणसं उचलली जात होती, तीही जर्मन यायच्या आधीच. कुइबिशेवमधली त्याची शेजारीण फ्लोरा लित्विनोवाने लिहून ठेवलंय, की तो खासगीत म्हणाला होता, ही सिंफनी फॅसिझमबद्दल आहेच, पण आपल्या व्यवस्थेबद्दलही आहे, कुठल्याही दडपशाहीबद्दल. १९७९ मध्ये सोलोमन व्होल्कोव्ह यांनी "टेस्टिमनी" हे पुस्तक शोस्ताकोविचच्या आठवणी म्हणून छापलं. त्यातही हेच येतं. पण ते पुस्तक कितपत अस्सल, यावर संशोधकांत मोठं भांडण आहे, म्हणून मी त्याच्यावर फार भार टाकत नाही.

आणि स्टालिनने या सिंफनीचं काय केलं? १९४२ मध्ये तिला स्टालिन पारितोषिक दिलं. सहा वर्षांनी, १९४८ मध्ये, पक्षाने शोस्ताकोविचला पुन्हा जाहीर झोडपलं. त्या मोहिमेचा म्होरक्या कोण? झ्दानोव. वेढ्याच्या काळात लेनिनग्राडचा पक्षप्रमुख असलेला तोच माणूस! १९४९ मध्ये वेढ्याचं संग्रहालयसुद्धा बंद केलं. लोकांनी स्वतःच्या हिमतीवर शहर जगवलं, ही आठवण मॉस्कोला नको होती. एलियासबर्ग तर बाजूलाच पडला. वाचलेल्या वादकांना घेऊन ही सिंफनी त्याने पुन्हा वाजवली ती २७ जानेवारी १९६४ ला, वेढा उठल्याला वीस वर्षं झाली तेव्हा.

आता जरा आपल्याकडे येऊ, कारण इथला धागा खरा आहे. त्या ९ ऑगस्टला जे ब्रिटिश सरकार लंडनमध्ये सोव्हिएत दोस्तीचे गोडवे गात होतं, तेच मुंबईत गांधीजींना तुरुंगात टाकत होतं. आणि आपले कम्युनिस्ट या युद्धाला "लोकयुद्ध" म्हणत होते, म्हणून चले जाव चळवळीपासून लांब राहिले. त्यावरून घरा-घरांत भांडणं झाली. त्याच वातावरणात अण्णा भाऊ साठ्यांनी "स्टालिनग्राडचा पोवाडा" रचला. शहर वेगळं, पण भावना तीच. म्हणजे रशियातल्या लढाईचा अर्थ लावायची झटापट मुंबईच्या कामगार वस्तीतही चालू होती, डफाच्या तालावर.

एपिसोडची तयारी करताना एका मित्राने विचारलं, "मग हा प्रोपगंडाच झाला ना?" हो, सरकारने तसा वापर केला, आणि अजूनही होतो. ऑगस्ट २००८ मध्ये जॉर्जियाबरोबरच्या युद्धानंतर रशियन कंडक्टर गेर्गिएव्हने त्स्खिनवालीच्या पडक्या इमारतींमध्ये हीच सिंफनी वाजवली. तेव्हा रशिया उपाशी नव्हता, वेढलेला नव्हता. तिथे रशियन रणगाडे होते. तीच धून, तोच ड्रम, पण आता कोण कोणावर चालून जातंय?

मला वाटतं, म्हणूनच ही सिंफनी कुठल्याही सरकारच्या खिशात पूर्ण मावत नाही. त्या ड्रमवर नाव लिहिलेलं नाही. जो चालून येईल त्याचा तो आवाज. आणि क्सेनिया मातुसने ओबोत फुंकलेला श्वास कुठल्या मंत्रालयाचा नव्हता. तो १२५ ग्रॅम पावावर उरलेला श्वास होता.

तर यावेळचा होमवर्क: आज रात्री हेडफोन लावा, पहिला भाग पूर्ण ऐका, साधारण २७-२८ मिनिटांचा आहे. मधे स्क्रोल करायचं नाही. ड्रम सुरू झाला की लक्ष ठेवा, धून कितव्या वेळेला तुम्हाला भीतीदायक वाटली? तो आकडा कमेंटमध्ये लिहा. माझा सहा होता.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.