तळटीप : ‘रबरी चकती’ व ‘राळ’

लेखकाने वर ‘रबरी चकती’ असा जो मोघम उल्लेख केला आहे, त्याचा खुलासा करणे अगत्याचे वाटते. औंध संस्थानच्या मुलखात १९१० साली वसलेली आणि पुढे ज्या ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्याचे १९६० साली दफ्तरी ‘सांगली’ असे नामांतर झाले त्यात मोडणारी किर्लोस्करवाडी पंपांसाठी विख्यात आहे. परंतु पंपाची अब्रू पुष्कळदा त्याच्या बिडापेक्षा या चिमुकल्या चकतीच्याच हाती असते. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते. म्हणून जेथे वंगणाशी गाठ पडते तेथे नायट्राइल रबर योजतात, ज्यातील अ‍ॅक्रिलोनायट्राइलचा अंश वाढविला असता ते तेलाला दाद देत नाही, मात्र थंडीत त्याची लवचिकता उणावते. हा सौदा पारखण्यासाठी प्रयोगशाळेत नमुन्याचा तुकडा तप्त तेलात, बहुधा १०० अंश सेल्सिअसवर ७० तास, बुडवून त्याच्या आकारमानात व शोअर काठिण्यांकात पडलेला फरक मोजतात, आणि निकाल मनाजोगा न आल्यास गंधक व काजळी यांचे प्रमाण बदलून नवे मिश्रण सिद्ध करतात. ‘राळ’ हा शब्द लेखकाने बेकेलाइटसाठी वापरला आहे, तो काहीसा फसवा. झाडाची राळ उष्णतेने वितळते, तर फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगाने बनलेली ही कृत्रिम राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. — संपादक