मित्राने रंगविलेला पट

शाळा सोडून जाणारी मुले स्वाक्षरीची वही घेऊन माझ्यापुढे येतात, तेव्हा मला सतराव्या शतकातला एक चिनी अंमलदार आठवतो. त्याचे नाव चाउ ल्यांगकुंग. त्याच्याही वह्या होत्या. पण त्यांत चित्रे असत.

अशा वहीची रीत मोठी गोड. एकेका सुट्या पानावर एकेका चित्रकाराने डोंगर, झाड, पाण्याकाठची झोपडी रंगवायची. समोर कुणी चार ओळी लिहायच्या. मग सारी पाने सांधून एक वही करायची. मालकाने रेघही ओढायची नाही. फक्त माणसे जोडायची. मोबदला दर वेळी रोख नसे. पाहुणचार, शिफारस, अडल्यावेळची मदत, यांतूनही तो फिटे.

चाउ १६४० साली मिंग राजवटीची सर्वोच्च परीक्षा उतरला. १६४४ साली पेकिंग पडले आणि लवकरच तो विजेत्या मांचूंच्या, म्हणजे चिंग घराण्याच्या, चाकरीत शिरला. त्याचा जुना मित्र चित्रकार चेन होंगशोउ याने मात्र १६४६ साली डोके मुंडून भिक्षूची वस्त्रे घेतली. तरीही दोघांचा स्नेह तुटला नाही.

१६५० साली चेनने चाउसाठी एक लांबलचक पट रंगविला. विषय होता ताओ युआनमिंग या प्राचीन कवीचे आयुष्य. वरिष्ठापुढे कंबर वाकविण्यापेक्षा ताओने इ. स. ४०५ मध्ये अधिकारच सोडला होता. अधिकारमुद्रा परत करण्याचा प्रसंगही पटात आहे. अभ्यासकांना त्यात आश्रयदात्याला दिलेला इशारा दिसतो: बाबा रे, सोड ही चाकरी!

चाउने ती सोडली नाही. १६५५ साली त्याच्यावर आरोप आले. तुरुंग घडला, देहदंडही फर्मावला गेला. १६६१ साली तो सुटला. चित्रे जमविण्याचा आणि चित्रकारांच्या आठवणी टिपण्याचा नाद मात्र १६७२ साली मरेपर्यंत सुटला नाही. पुढे शंभरएक वर्षांनी चिंग बादशहा छ्यानलुंग याने दोन घराण्यांची चाकरी केलेल्यांची जी चरित्रयादी करविली, तीत चाउलाही बसविले. ज्यांच्यापुढे मान वाकविली, त्यांनीच हा डाग दिला!

बादशहाने त्याचा निवाडा केला. मित्राने त्याला वेळीच सावध केले, आणि तेही त्याचा मान राखून. तो पट आज होनोलुलूच्या कलासंग्रहालयात आहे.

म्हणूनच मुलांच्या वहीत ठरावीक शुभेच्छा लिहिताना माझी लेखणी अडखळते. पुढे कधीतरी उपयोगी पडेल असे त्या पानावर मी काय लिहिले?