बारशाची कुंची

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि हवेली तालुक्यातील पिंपरीच्या आसपासच्या मौज्यांत सातारा, सोलापूर, मराठवाडा येथील कुटुंबे चरितार्थासाठी येऊन वसली, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकांतून बारशाची कुंचीही आली.

आजीच्या जीर्ण, म्हणूनच मऊ झालेल्या लुगड्याचे अस्तर, वर गुळेदगुड्डचा खण, टोकदार शिरोभाग, पाठीवर रुळणारा घोळ, कडेला गोट आणि हनुवटीखाली बांधावयाचे दोन बंद, एवढाच तिचा व्याप. परंतु टाके सारे हातचे. डेन्मार्कच्या राजघराण्यात १८७० मध्ये प्रथम वापरलेला बाप्तिस्म्याचा झगा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला व त्याची नोंदही राहिली. आमची कुंची मात्र थोरल्याची धाकट्यास, मावशीकडून भाचरास जाता जाता विरून जाते, आणि सातबाऱ्यावर जिचे नाव क्वचितच चढले, त्या शिवणाऱ्या स्त्रीचे नाव येथेही राहून जाते. हा अन्यायच म्हणावयाचा!

चाकणपर्यंत पसरलेल्या वसाहतींत आता तयार कुंच्या विकत मिळतात, त्याविषयी तक्रार नाही. पण ज्यांच्या घरी जुनी कुंची शिल्लक असेल, त्यांनी तिच्या अस्तरावर शिवणारीचे नाव आणि साल दोऱ्याने अवश्य घालून ठेवावे.