मोहफूल, पाखरे आणि झिंग

वडनेर भोलजीहून उत्तरेला निघून पूर्णा नदी ओलांडली, की पुढे सातपुडा लागतो. तिथल्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुले पहाटे टपटप गळतात. ती खाऊन पाखरे आणि अस्वले झिंगतात, असे आपण ऐकत आलो आहोत. यात तथ्य किती?

ताज्या मोहफुलात भरपूर साखर असते, दारू नव्हे. साखरेपासून अल्कोहोल बनते ते यीस्ट या जिवंत सूक्ष्मजीवामुळे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ ते १८६० या काळात दाखवून दिले. यीस्टला ओलावा हवा आणि वेळही हवा. पहाटे पडलेले फूल सकाळीच टिपले, तर एवढा वेळ मिळतो कुठे?

तरीही संशय फुलावरच राहिला. १८९२ साली मुंबई सरकारने कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांच्या व्यवहारावर बंधने घातली. दारू गाळणे थांबावे, हा हेतू. पण हीच फुले वाळवून ठेवून आदिवासी कुटुंबे टंचाईचे दिवस काढत. महाराष्ट्रात मोहफुले गोळा करण्यावरची बंधने उठायला २०२१ साल उजाडले.

मग पाखरांची झिंग ही निव्वळ दंतकथा का? तसेही नाही. लॉस एंजेलिस परिसरात २००५ ते २००७ या काळात 'सीडार वॅक्सविंग' पक्षी थव्याने काचांवर, कुंपणांवर आदळून मेले. शवविच्छेदनात पोटात ब्राझिलियन मिरीची अतिपिकलेली फळे निघाली. यकृते फाटलेली होती. नमुन्यांत अल्कोहोलही सापडले. २०१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध करताना संशोधकांनी त्यांना 'भक्कम, पण परिस्थितीजन्य पुरावा' एवढेच म्हटले. ही सावधगिरी आपण शिकण्याजोगी आहे. कारण सगळेच फळखाऊ पक्षी झिंगत नाहीत. साळुंकीच्या कुळातला युरोपीय स्टारलिंग माणसापेक्षा कितीतरी पट वेगाने अल्कोहोलचा निचरा करतो.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दोन बाटल्यांत मोहफुले आणि पाणी घ्या. एका बाटलीतले मिश्रण आधी उकळून गार करा. दोन्ही तोंडांना फुगे बांधून उबेला ठेवा. कोणता फुगा आधी फुगतो, किती दिवसांनी, हे मुलांना रोज नोंदवू द्या. चव मात्र कुणी घ्यायची नाही. फुले दोन्हीकडे तीच आहेत. मग फरक कशाने पडला, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्या.