म्युलर: गिरणीवाल्याचं आडनाव



पुण्यात आणि मुंबईत 'मॅक्समुल्लर भवन' आहे, तिथे जर्मन भाषा शिकवतात. ऋग्वेद छापून काढणाऱ्या एका जर्मन पंडिताचं हे नाव. त्यातलं 'म्युलर' हे जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. इतकं की वेगळी ओळख राहावी म्हणून या पंडितानं आपलं 'मॅक्स' हे नावही आडनावाला जोडून घेतलं.

म्युलर म्हणजे गिरणीवाला. आपल्याकडे सुतार, लोहार, तसंच. तुमच्यापैकी काहींनी छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल. पाण्यावर फिरणाऱ्या चक्क्या जर्मनीतही गावोगाव होत्या. पुष्कळ ठिकाणी जमीनदाराच्या चक्कीवरच दळण न्यायची सक्ती असे, आणि दळणातला वाटा गिरणीवाला ठेवून घेई. गावं वाढली, एकाच नावाची पाच-सहा माणसं झाली, तेव्हा 'गिरणीवाला हान्स' अशी ओळख पडू लागली. साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात ही नावं पक्की झाली. मग मुलगा शिंपी झाला तरी आडनाव म्युलरच.

आणि बाईचं काय? पूर्वी म्युलरच्या बायकोला, मुलीला 'म्युलरिन' म्हणत. 1900 साली लागू झालेल्या कायद्यानं लग्नानंतर बायकोचं आडनाव नवऱ्याचंच झालं. पश्चिम जर्मनीत 1958 पासून त्याला माहेरचं आडनाव जोडता येऊ लागलं. 1976 च्या कायद्यानं दोघांपैकी कुणाचंही आडनाव घ्यायची मुभा दिली. पण एकमत झालं नाही तर नवऱ्याचंच! 1991 साली तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ही अट समानतेविरुद्ध ठरवली. 1994 पासून नवरा-बायकोला आपापलं आडनाव ठेवता येतं. म्हणजे या हक्काला 94 वर्षं लागली.

आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचा निर्णय झाला आहे.

तेव्हा माहेरचं ठेवा नाहीतर सासरचं लावा, पण ते तुम्ही ठरवा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीला आधार कार्ड, पासबुक आणि सातबारा घेऊन या. तिन्हींवर तुमचं नाव एकसारखं आहे का, ते एकमेकींचं बघून घ्या. सातबाऱ्यावर नावच नसेल, तर बोलायला सुरुवात तिथूनच करा.